उपोष्ण पट्ट्यातल्या किनारी डोंगरावरचे वनप्रकार: पायथ्यापासून माथ्यापर्यंत कसे ओळखाल?

जंगल ओळखायचं म्हटलं की बहुतेक जण झाडांच्या नावांपासून सुरुवात करतात. नावं येत नसली तर तिथेच अडतात, येत असली तर दिवसभर यादी करत बसतात. दोन्हीकडे जंगलाचा प्रकार हाती लागायचा राहून जातो. तो ठरतो घडणीवरून: पानांचं छत किती उंच, त्याखाली थर किती, पानं केवढी, बुंध्यांवर काय वाढलंय, पायाखाली काय आहे. हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि फूटपट्टीने मोजता येतं. एकाही झाडाचं नाव माहीत नसलं तरी त्याची नोंद करता येते. म्हणून या लेखाचा क्रम असा आहे: आधी घडण, मग जागा, आणि नाव सगळ्यात शेवटी.

उपोष्ण किनारी डोंगर म्हणजे साधारण २३ ते ३५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, समुद्राला लागून उठलेला डोंगर. जपानचं याकुशिमा बेट, कॅनरी बेटांतलं तेनेरीफ, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळचा वोलुम्बिन आणि भोवतालच्या रांगा, ब्राझीलची सेर्रा दो मार, हाँगकाँगचा ताई मो शान हे याच जातीचे. पुढची उदाहरणं मुख्यतः यांतलीच आहेत. अभ्यासाला असे डोंगर फार चांगले, कारण किनाऱ्यावरच्या खारफुटीपासून माथ्यावरच्या खुरट्या झुडपांपर्यंतचा सगळा पट एक-दोन दिवसांच्या चालीत पाहता येतो.

पहिली पायरी: निघण्याआधी नकाशा वाचा

नकाशावर चार गोष्टी बघा: अक्षांश, उंची, वाऱ्याची दिशा आणि खडक.

उंचीचा साधा हिशोब असा, की दर १०० मीटर चढल्यावर तापमान सरासरी ०.६ अंश सेल्सिअसने उतरतं. याकुशिमाचं सर्वोच्च शिखर मियानोउरा १,९३६ मीटर आहे, म्हणजे किनारा आणि माथा यांत अकरा-बारा अंशांचा फरक. खाली नदीमुखाशी खारफुटी असते आणि हिवाळ्यात वर बर्फ पडतो, त्याचं कारण हेच.

पण नुसत्या उंचीवर विसंबू नका. एकाच वनप्रकाराची उंची अक्षांशानुसार बदलते. ब्राझीलच्या अधिकृत वनवर्गीकरणात हे आकड्यांतच मांडलेलं आहे. १६ ते २४ दक्षिण अक्षांशांत डोंगरी दाट वन ५०० ते १,५०० मीटरच्या पट्ट्यात धरतात. २४ ते ३२ अक्षांशांत तेच ४०० ते १,००० मीटरवर येतं, आणि त्याच्या वर लगेच उच्च डोंगरी वन सुरू होतं. थोडं दक्षिणेला सरकलं की वरची रेघ तब्बल ५०० मीटर खाली उतरते.

दुसरा फरक डोंगराच्या आकारमानाचा. समुद्राकाठच्या एकट्या, लहान डोंगरावर वनांचे पट्टे दाबल्यासारखे खाली सरकतात आणि अरुंद होतात. त्याच अक्षांशावरच्या मोठ्या, आतल्या पर्वतरांगेत तेच पट्टे बरेच वर सापडतात. मोठा पर्वत भोवतालची हवा तापवून धरतो. लहान डोंगराला तेवढी ऊब नसते, समुद्रावरचे ढग त्याला खालीच गाठतात आणि वारा माथा झोडपत राहतो. तेव्हा दुसऱ्या डोंगरावरचा तक्ता आपल्या डोंगराला लावू नका.

खडकाला कमी लेखू नका. वोलुम्बिनच्या परिसरात सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वी मोठा ज्वालामुखी होता. तिथे बेसाल्टच्या सुपीक, लाल मातीवर वेलींनी भरलेलं, अनेक जातींचं उपोष्ण वर्षावन वाढतं. शेजारीच ऱ्हायोलाइट या फिकट ज्वालामुखी खडकाच्या कसहीन मातीवर, त्याच पावसात आणि जवळपास त्याच उंचीवर, कमी जातींचं आणि सरळ, बारीक खोडांचं वन दिसतं. पाऊस तोच आणि जंगल वेगळं असेल, तर आधी मातीचा रंग बघा.

दुसरी पायरी: थांबे ठरवा

सामान थोडंच लागतं: वही, पेन्सिल, मोजपट्टी, छोटी फूटपट्टी, होकायंत्र, दुर्बीण आणि उंची दाखवणारा फोन. फोनची उंची बरेच मीटर चुकू शकते, म्हणून किनाऱ्यावर आणि नकाशात उंची दिलेल्या ठिकाणी ती ताडून घ्या.

दर १०० मीटर उंचीला एक थांबा घ्या. प्रत्येक थांब्यावर २० मीटर गुणिले २० मीटरचा चौकोन नजरेने आखा आणि त्यातलंच लिहा. चौकोन वाटेपासून थोडा आत धरा. वाटेच्या कडेला ऊन पोचतं, त्यामुळे तिथे वेली आणि उन्हाळू झुडपं माजतात आणि आतलं जंगल आहे त्यापेक्षा दाट वाटतं. संरक्षित भागात वाट सोडायला मनाई असते. तिथे वाटेवरूनच आत बघा आणि कडेचे पहिले काही मीटर नोंदीतून वगळा. काही डोंगर स्थानिक लोकांसाठी पवित्रही असतात. वोलुम्बिन बुंजलुंग लोकांसाठी तसा आहे, आणि त्याच्या माथ्याची वाट २०२० मध्ये बंद करण्यात आली. अशा ठिकाणी भोवतालच्या रांगांत हाच अभ्यास तितकाच चांगला होतो.

प्रत्येक थांब्याचं तोंड कोणत्या दिशेला आहे हे न विसरता लिहा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा उतार उन्हाचा आणि कोरडा असतो, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचा. पुस्तक एका गोलार्धातलं आणि डोंगर दुसऱ्या गोलार्धातला असला की इथे हमखास घोटाळा होतो.

तिसरी पायरी: किनाऱ्यापासून सुरुवात करा

घाई करून थेट जंगलात शिरू नका. डोंगराची गोष्ट वाळूपासून सुरू होते. वाळूवर मर्यादवेल पसरलेली असते. ही वेल जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर सापडते, आणि भरतीची मर्यादा दाखवणारं तिचं मराठी नाव अगदी नेमकं आहे. तिच्या मागे केवड्याच्या जातीची झाडं, कुठे सुरू, आणि त्यामागे झुडपांची भिंत. नदीच्या मुखाशी चिखल असेल तर खारफुटी.

या झुडपांच्या भिंतीचा आकार समुद्राकडून बघा. समुद्राकडे बुटकी, आत जाताना उंच होत गेलेली, जणू कुणी तिरकी कापून ठेवली आहे. खारा वारा कोवळे शेंडे जाळतो आणि प्रत्येक झाड पुढच्या झाडाच्या आडोशातच वाढतं. हा तिरका उतार जिथे संपून छत सपाट होतं, तिथे किनारी झुडूपवन संपलं असं समजा. हाच आकार पुन्हा माथ्यावर दिसणार आहे, म्हणून त्याचं चित्र वहीत काढून ठेवा.

चौथी पायरी: प्रत्येक थांब्यावर पाच गोष्टी

*छत आणि थर.* उंचीच्या अंदाजासाठी बुंध्याशी दोन मीटरची काठी उभी करा आणि लांबून बघून तशा किती काठ्या वर बसतील ते मोजा. छत २५ मीटर आहे की १२, एवढं कळलं तरी पुष्कळ. खालच्या पट्ट्यात सहसा तीन थर सुटे दिसतात आणि मधूनच एखादं झाड छताच्या वर डोकं काढतं. वर जाताना थर दोन होतात, मग एक.

*पानं.* मला विचाराल तर सगळ्यात विश्वासाची खूण हीच. छताची पानं हातात येत नाहीत, पण ती खाली पडतातच. जमिनीवरची पन्नास पडलेली पानं सरसकट उचला. सुंदर तेवढीच निवडू नका. लांबी मोजा, नोंद करा आणि परत टाका. ऑस्ट्रेलियन वनशास्त्रज्ञ लेन वेब यांनी १९५९ साली वर्षावनांचं वर्गीकरण मांडलं, त्यात पानाच्या आकाराला मोठं स्थान दिलं. साधारण १२.५ सेंटिमीटरहून लांब ती मोठी पानं, ७.५ ते १२.५ ती मध्यम, २.५ ते ७.५ ती लहान. तिथल्या उपोष्ण वर्षावनात मध्यम पानांचं राज्य असतं, आणि उंचावरच्या थंड वनात लहान पानांचं. झाडाचं नाव माहीत नसतानाही चालणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

पानांची कडही बघा. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ बेली आणि सिनॉट यांनी १९१५ मध्ये दाखवून दिलं, की उष्ण प्रदेशातल्या झाडांत अखंड कडेची पानं जास्त असतात आणि थंड प्रदेशात दातेरी कडेची. पन्नास पानांत दातेरी किती, हा आकडा प्रत्येक थांब्यावर लिहा. चढत जाल तसा तो बदलताना दिसला, तर जंगल बदलतंय. मात्र पन्नासपैकी चाळीस पानं एकाच झाडाची असतील तर आकडा फसवा आहे. जागा बदलून पुन्हा उचला.

*मुळं आणि बुंधे.* खालच्या सुपीक, ओलसर भागात बुंध्याच्या तळाशी फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं दिसतात. वडाच्या कुळातली झाडं दुसऱ्या झाडाला जाळ्यासारखी वेढून उभी असतात. वर जाताना दोन्ही कमी होत नाहीशी होतात. खोडं सरळ, गोल आणि एकसारखी दिसू लागतात, त्यांच्यावर दगडफुलाचे पांढरे-करडे ठिपके पडतात.

*वेली आणि झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती.* मनगटाएवढ्या जाड काष्ठवेली ही खालच्या उबदार वनाची खूण. आमरी (ऑर्किड) आणि घरट्यासारखे दिसणारे मोठे नेचे फांद्यांवर बसलेले असले की हवेत कायम ओल आहे असं समजा. आणखी वर गेल्यावर यांची जागा शेवाळ आणि पातळ, जवळपास पारदर्शक पानांचे छोटे नेचे घेतात.

*जमीन.* पडलेला पाला लगेच कुजून काळी माती झालेली आहे की पाल्याचे थर साचले आहेत? उबदार वनात पाला पटकन मुरतो. थंड, ओल्या माथ्यावर तो वर्षानुवर्षं साचून पायाखाली गादीसारखा दबतो.

पाचवी पायरी: आता पट्ट्यांना नाव द्या

सर्वसाधारण क्रम असा दिसतो. किनारी झुडूपवनाच्या वर सखल उपोष्ण सदाहरित वन: उंच छत, तीन थर, आधारमुळं, काष्ठवेली. त्याच्या वर सखल डोंगरी सदाहरित वन. पूर्व आशियात इथे ओकच्या जवळच्या सदाहरित जाती आणि दालचिनीच्या कुळातली झाडं एकत्र नांदतात. पानं जाड आणि तुकतुकीत, छत गोलगोल उशा रचल्यासारखं. डोंगरावरून खाली बघितलं तर ब्रोकोलीचे गड्डे मांडल्यासारखं दिसतं. दुरूनही चटकन ओळखू येणारा हा प्रकार आहे.

त्यापुढे वाटा फुटतात. याकुशिमावर साधारण हजार-बाराशे मीटरच्या पुढे सुगी, त्सुगा यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचं राज्य येतं. वोलुम्बिनजवळच्या लॅमिंग्टन आणि स्प्रिंगब्रुकच्या पठारांवर सर्वांत थंड, ओल्या जागी दक्षिणी बीच वृक्षांचं शेवाळलेलं वन लागतं. अशा ठिकाणी तक्त्यातलं नाव शोधण्यापेक्षा आपण केलेलं वर्णनच लिहावं. ‘लहान पानांचं, एका थराचं, शेवाळलेलं वन’ ही नोंद कुठल्याही देशातला अभ्यासक वाचू शकतो.

सहावी पायरी: ढगांची रेघ शोधा

किनारी डोंगराची खरी किल्ली इथे आहे, त्यामुळे या पायरीला भरपूर वेळ द्या.

समुद्रावरून आलेली दमट हवा उतारावर चढते, थंड होते आणि एका ठरावीक उंचीला ढग बनते. हा ढगांचा तळ अनेक डोंगरांवर दिवसेंदिवस जवळपास त्याच पट्ट्यात राहतो. जंगलात शिरलेल्या ढगातले बारीक थेंब पानांवर, शेवाळावर अडकतात, एकत्र होतात आणि टपकतात. पाऊस पडत नसतानाही झाडाखालची जमीन भिजते. उघड्यावर ठेवलेल्या पर्जन्यमापकात हे पाणी नीट धरलं जात नाही. जंगल मात्र त्यावर जगत असतं.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण तेनेरीफ. बेट २८ उत्तर अक्षांशावर आहे, आफ्रिकेच्या कोरड्या किनाऱ्यासमोर. पायथ्याशी निवडुंगासारखे दिसणारे मांसल युफॉर्बिया वाढतात. पण ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे उत्तर उतारावर ढग रचतात आणि त्या पट्ट्यात दालचिनीच्या कुळातल्या वृक्षांचं हिरवंगार, ओलं जंगल उभं राहतं. तेइदे शिखर ३,७१५ मीटर उंच आहे. तिथे ढगांच्या वर गेलं की हवा पुन्हा कोरडी होते आणि कॅनरी पाइनचं उन्हानं भरलेलं, विरळ वन सुरू होतं. त्याच बेटाच्या टोकावरची आनागा रांग जेमतेम हजार मीटरची, तिचा माथा ढगातच राहतो, म्हणून ओलं जंगल थेट धारेपर्यंत, म्हणजे डोंगराच्या कण्यापर्यंत, जातं. जून १७९९ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेला जाताना इथे थांबला आणि तेइदे चढला, तेव्हा वनस्पतींचे हे पट्टे त्याच्याही नजरेत भरले होते.

ढगांची रेघ जागेवर कशी ओळखायची? डोंगर लांबून सकाळी आणि दुपारी, निदान तीन दिवस बघा आणि ढगांचा खालचा काठ कुठल्या खुणेपाशी येतो ते लिहा. मग चढताना बुंध्यांवरचं शेवाळ मोजा. छातीच्या उंचीवर बुंध्याचा किती भाग शेवाळाने झाकलाय याचा अंदाज दहा झाडांवर घ्या. हा आकडा जिथे एकदम उडी घेतो, तिथे ढगांचा तळ. फांद्यांवरून दाढीसारखं लोंबणारं दगडफूल, वृक्षनेचे आणि बुंध्यांवर उगवलेली रोपटी या सोबतच्या खुणा. एक सावधगिरी मात्र हवी. ओहोळाच्या घळीत शेवाळ कुठल्याही उंचीवर दाट असतं, म्हणून ही मोजणी धारेवर किंवा मोकळ्या उतारावरच करा.

सातवी पायरी: घळ आणि धार वेगळी नोंदवा

एकाच उंचीवर दोन जंगलं असू शकतात. घळीत पाणी, आडोसा आणि खोल माती असते, त्यामुळे खालच्या पट्ट्यातलं उंच वन घळीच्या आधाराने बरंच वर चढतं. धारेवर वारा आणि उथळ माती असते, त्यामुळे माथ्यावरचं खुरटं वन धारेने खाली उतरतं. परिणामी वनांची सीमा समोच्च रेषेसारखी आडवी न राहता बोटांत बोटं गुंफल्यासारखी दिसते. प्रत्येक उंचीला शक्य असेल तर दोन थांबे घ्या, एक घळीत, एक धारेवर. वेळ एकाच थांब्यापुरता असेल तर मधल्या उतारावर घ्या.

माथ्यावर पोचल्यावर किनाऱ्याचं ते तिरकं चित्र वहीतून काढा. तोच आकार इथे दिसेल: वाकडी, गाठाळ, कमरेएवढी झाडं, वाऱ्याकडून आडोशाकडे वाढत गेलेली. याकुशिमाच्या माथ्यावर खुज्या बांबूचा हिरवा गालिचा आणि त्यात रोडोडेंड्रॉन आहेत. इथे झाडं खुजी असतात ती मुख्यतः वारा आणि पातळ मातीमुळे. ही खरी वृक्षरेषा (जिच्या वर झाडं वाढूच शकत नाहीत) समजू नका. हिमालयासारख्या उंच पर्वतांवर थंडीने ठरणारी वृक्षरेषा ती वेगळी.

आठवी पायरी: आग आणि कुऱ्हाड वाचा

आपण बघतोय ते जंगल मूळचं आहे असं गृहीत धरू नका. हाँगकाँगचे डोंगर दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणात उघडे होते. आजचं बरंचसं रान लावलेलं किंवा त्यानंतर आपोआप उगवलेलं आहे. मूळच्या जंगलाची झलक तिथे जुन्या गावांमागच्या फेंगशुई-वनांत (गावासाठी शुभ मानून राखलेल्या राईंत) मिळते, कारण गावकऱ्यांनी ती राखली. ९५७ मीटरच्या ताई मो शानचा वरचा बराच भाग गवताळ दिसतो, त्यावरून ‘उंचीमुळे झाडं नाहीत’ असा निष्कर्ष काढणारा फसेल.

दुय्यम, म्हणजे तोडीनंतर पुन्हा उगवलेल्या, वनाच्या खुणा: सगळी खोडं जवळपास एकाच जाडीची, एकाच जातीची दाटी, तुटलेले बांध, कोळशाचे तुकडे, करवतीचे बुंधे. याकुशिमात एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) छपराच्या फळ्यांसाठी सुगी तोडले गेले. आजही ते जुने बुंधे उभे आहेत आणि त्यांच्यावर दुसऱ्या पिढीची झाडं वाढली आहेत. तिथे हजार वर्षांहून जुन्या झाडालाच ‘याकुसुगी’ म्हणतात.

आगीची खूण ऑस्ट्रेलियात शिकावी. खाली वर्षावनाची रोपटी दाटलेली आणि वर मात्र उंच निलगिरी, असं वन दिसलं तर दोन आगींच्या मधला काळ आपण बघतोय. निलगिरीची रोपं दाट सावलीत तग धरत नाहीत. फार वर्षं आग लागली नाही तर जुन्या निलगिरी मरत जातील आणि वर्षावन ती जागा घेईल. आग लागली तर निलगिरीची नवी पिढी उठेल. अशा ठिकाणी वहीत एक नाव न लिहिता दोन्ही थर वेगळे लिहा.

झाडाच्या नावाने कसं चकायला होतं, त्याचंही उदाहरण इथलंच. निलगिरीच्याच कुळातला ब्रश बॉक्स हा वृक्ष पूर्व ऑस्ट्रेलियात ओल्या वनांचा मूळ रहिवासी आहे, आणि हाँगकाँगच्या डोंगरांवर तोच लागवडीत लावलेला आहे. नाव एकच, पण एका ठिकाणी जुनं वन आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाने लावलेली रांग.

नववी पायरी: काटछेद काढा

घरी आल्यावर आडव्या अक्षावर किनाऱ्यापासूनचं अंतर आणि उभ्या अक्षावर उंची घेऊन डोंगराची बाजू काढा. प्रत्येक थांब्यावर छताची उंची प्रमाणात दाखवणारी दोन-तीन झाडं रेखाटा. वर पानांची सरासरी लांबी, दातेरी पानांचा आकडा, शेवाळाचा अंदाज लिहा. ढगांची रेघ तुटक काढा. तीन आकडे जिथे एकाच जागी बदलतात तिथे ठळक सीमा. एखादाच बदलतो तिथे संक्रमण पट्टा, तो रेषेऐवजी छायेने दाखवा. निसर्गात अशी छाया पुष्कळ ठिकाणी असते आणि ती तशीच दाखवणं जास्त खरं असतं.

काटछेदात वाऱ्याची आणि आडोशाची, दोन्ही बाजू यायला हव्यात. एकाच बाजूने चढून त्याच बाजूने उतरलात तर निम्मा डोंगर राहिला. पुढच्या खेपेला पलीकडच्या वाटेने चढा, त्याच उंचींवर थांबे घ्या, आणि शक्यतो पहिली खेप पावसाळी असेल तर दुसरी कोरड्या ऋतूत ठेवा. तेव्हाच कळेल की खालच्या सदाहरित पट्ट्यातली काही झाडं उन्हाच्या बाजूला पानं गाळतात, आणि पहिल्या खेपेच्या नोंदीत ती अजिबात वेगळी दिसली नव्हती.